खताच्या ढिगात आपोआप उगवलेले वेल आणि रोपं, ठेवू की उपटू?

परसूवाली_डिचोली

नमस्कार सगळ्यांना. आम्ही गोव्यात डिचोलीजवळ राहतो, घरामागच्या परसात चिऱ्यांची तीन बाजूंनी चौकट केलीय आणि त्यात घरातला ओला कचरा, पालापाचोळा, माडाची सुकी झावळं तोडून वगैरे टाकत असतो. मे संपेपर्यंत तिथं हिरवं पानसुद्धा नव्हतं, पाऊस लागला आणि बघता बघता सगळा ढीग हिरवा झाला. भोपळ्यासारखे दोन मोठे वेल आहेत, टोमॅटोची रोपं तर खच्चून भरलीत, कडेला मिरचीसारखं काहीतरी दिसतंय, पपईची चारपाच रोपं आणि तांबडी भाजी तर विचारूच नका.

आता घरात दोन मतं पडलीत. सासूबाई म्हणतात आपणहून आलेलं झाड उपटायचं नाही, वेल ठेव, चवथीला माटोळीला (गणपतीवर फळं, भाज्या बांधतात त्या चौकटीला) घरचं काहीतरी बांधता येईल. आमच्या ह्यांचं म्हणणं की ढीग हलवल्याशिवाय खत होणार नाही आणि ऑक्टोबरात वांगी मिरची लावायला खत तर पाहिजेच, दरवेळी विकतचं कुठून आणणार. दोघांचंही मला पटतंय.

विचारायचं असं की वेल नक्की कसले आहेत ते फळ धरायच्या आधी ओळखता येतं का? बाजारातल्या भाजीच्या बियांपासून आलेलं फळ खायला चालतं का, कारण कडू दुधी खाऊन माणसं आजारी पडतात असं ऐकलंय. आणि खताचा ढीग गरम होतो तर मग ह्या बिया जळून कशा गेल्या नाहीत?

माती_आणि_मूळ (फोंडा)

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीचं त्याच्यातूनच कळतं.

ढीग गरम होतो हे खरं, पण सगळा नाही. बी मरायला साधारण ५५ ते ६० अंशांची उष्णता काही दिवस सलग मिळावी लागते आणि ती फक्त ढिगाच्या पोटात मिळते, ते पण ढीग निदान तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असेल आणि ओलं सुकं नीट मिसळलेलं असेल तर. घरातला कचरा आपण रोज थोडा थोडा वरून टाकतो, त्यामुळे एकदम मोठा ढीग कधी तयारच होत नाही, आणि कडेचा अन वरचा थर तर कायम थंडच असतो. तिथं बी नुसतं पडून राहतं, मेमध्ये ओल नसते म्हणून गप्प, जूनचा पाऊस पडला की ऊब, ओल आणि खत तिन्ही एकदम मिळतं. टोमॅटोचं बी तर इतकं चिवट की माणसाच्या पोटातून जाऊनसुद्धा उगवतं, सांडपाण्याच्या प्रकल्पांवर टोमॅटोची झाडं दिसतात ती त्याच्यामुळेच. म्हणजे तुमचं खत बिघडलंय असं अजिबात समजू नका.

आता ओळख. पान हातात घेऊन बघा. दुधीचं पान मऊ, मखमली लागतं, चुरगळलं तर उग्र वास येतो, आणि देठ जिथं पानाला जुळतो तिथं दोन बारीक गाठी दिसतात, ही सगळ्यात पक्की खूण. लाल भोपळ्याचं पान खरखरीत, देठावर टोचणारी लव आणि पानावर शिरांच्या बेचक्यात पांढरट डाग असतात. तवशाचं (काकडीचं) पान त्यामानाने लहान, टोकदार आणि खरखरीत. कोहळ्याच्या वेलावर आणि कोवळ्या फळावरसुद्धा राठ केस असतात. फुलं आली की मग शंकाच राहत नाही, दुधीचं फूल पांढरं आणि संध्याकाळी उमलणारं, भोपळ्याचं मोठं केशरी पिवळं आणि पहाटे उमलणारं.

टोमॅटो हाताला लागलेल्या वासावरून कळतो. मिरचीचं पान गुळगुळीत, चकचकीत, वास नाही. ढिगात शेण टाकत असाल तर धोतऱ्याचं रोप पण येऊ शकतं, लहानपणी ते वांग्या मिरचीच्या कुळातलं म्हणून सारखंच वाटतं, पान चुरगळलं की घाण वास येतो. तसलं काही दिसलं तर लगेच काढून टाका, लहान मुलं असतील तर नक्कीच.

सत्तरीचो_शेतकार

ताईंच्या सासूबाईंच्या बाजूने माझं मत. वेल ठेवा, पण दोन्ही ठेवायचे असतील तर दोन्ही वेगवेगळ्या दिशेला काढा. चौकटीला लागून बांबूचे किंवा पोफळीचे चार खांब उभे करा, वर माटव (मांडव) घाला आणि शेंडा दोरीने वर चढवा, मग ढीग खालून मोकळा राहतो. जमिनीवर पसरू दिला तर पावसात फळ खालून कुजतं आणि गोगलगायी आहेतच खायला.

तुमच्या ह्यांना सांगा की ढीग हलवायची गरज नाही. तीन बाजू चिऱ्यांच्या म्हणजे चौथी उघडी आहे ना, त्या बाजूने तळातलं काळं, मातीचा वास येणारं खत फावड्याने ओढून काढायचं, तळातलं सगळ्यात जुनं असतं ते आधी तयार होतं. वेलाची मुळं ज्या कोपऱ्यात आहेत तो कोपरा तेवढा सोडायचा. आणि आजपासून येणारा ओला कचरा शेजारी नवीन चौकट करून तिथं टाका, ह्या ढिगावर आता काही टाकू नका. ऑक्टोबरात दोघांचंही काम होईल.

दुधी असेल तर बी उगवल्यापासून दोन सव्वादोन महिन्यात फळ हातात येतं, म्हणजे जूनच्या मध्याला उगवलेला वेल चवथीपर्यंत नक्की देतो. लाल भोपळ्याला जास्त वेळ लागतो, पिकलेला भोपळा हवा असेल तर सव्वातीन महिने धरा, माटोळीला हिरवा कोवळा बांधता येईल. आमच्याकडे तर माटोळीचं निम्मं सामान रानातलं आणि निम्मं परसातलं, बाजारातून सुपारीची शिपटी (घड) सुद्धा आणायची नाही असा घरचा रिवाज आहे, आणि परसातलं बांधलं की त्याचं समाधानच वेगळं, आई अजून प्रत्येक फळ कुठल्या वेलाचं ते सांगत बांधायला देते.

एक महत्त्वाचं. सुरुवातीला येणारी फुलं बहुतेक नर असतात, ती गळाली म्हणून घाबरू नका. मादी फुलाच्या मागे बारीक फळाची गाठ दिसते. आपल्याकडे जुलैत सतत पाऊस, मधमाशी बाहेरच पडत नाही, मग ती गाठ पिवळी पडून गळते आणि लोक समजतात वेल वांझ. हाताने करायचं. नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवायचा. भोपळा असेल तर सकाळी सहा ते नऊ, नंतर फूल मिटतं. दुधी असेल तर दिवे लागायच्या वेळेला. दोडकी पण संध्याकाळी उमलतात, घोसाळी मात्र सकाळी. वेळ चुकली की कितीही फिरवा, उपयोग नाही.

निसर्गप्रेमी_पर्वरी

मला मात्र हा सगळा खटाटोप पटत नाही. बाजारातली बहुतेक भाजी हायब्रिड असते, तिच्या बियांपासून आलेल्या झाडाला कसलं फळ येईल ह्याचा काही भरवसा नाही. दीडशे दोनशे रुपयांत चांगल्या बियाण्याची पाकिटं येतात, विभागीय कृषी कार्यालयात विचारलं तर आपल्या भागाला काय चालतं तेही सांगतात. सगळं उपटून त्याच ढिगात गाडा, हिरवळीचं खत होईल, आणि नीट बी आणून लावा. जागा कमी असलेल्या माणसाने तीन महिने एका अनोळखी वेलाला का द्यावेत?

माती_आणि_मूळ (फोंडा)

दादा, हायब्रिडबद्दल तुमचं बरोबर आहे पण सगळ्यांना एकच माप लावू नका. टोमॅटो स्वतःच्याच परागाने फळतो, हायब्रिडच्या बीपासून आलेली झाडं आईबापासारखी एकसारखी नसतात, कोणाचं फळ बारीक, कोणाचं आंबट, पण टोमॅटोच येतो आणि खाण्यासारखाच येतो. भोपळा दुधीचं वेगळं, त्यांचे नर मादी वेगळे आणि माशी एका वेलावरून दुसऱ्यावर जाते, म्हणजे शेजारच्या वेलाचा पराग लागला तर त्या वर्षीच्या फळात काहीच फरक पडत नाही, फरक त्या फळातल्या बियांमध्ये जातो आणि पुढच्या वर्षी दिसतो. ताईंच्या ढिगातला वेल ही ती पुढची पिढी आहे. म्हणून जपून राहायचं ते इथं.

आणि दुधी अन लाल भोपळ्याचा आपसात संकर होत नाही, काकडी अन चिबडाचाही नाही. बरेच लोक चिबूड फिका निघाला की काकडीला दोष देतात, त्यात काकडीचा काही संबंध नसतो.

परिचारिका_म्हापसा

कडू दुधीचं कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहितेय, हे कृपया हलक्यात घेऊ नका. दुधी, काकडी, भोपळा ह्या कुळात कुकुरबिटासिन नावाचं कडू विष असतं. आपण खातो त्या जातींमध्ये ते पिढ्यान् पिढ्या निवड करून जवळजवळ घालवलेलं आहे, पण रानटी कडू वेलाचा पराग लागलेल्या बीपासून झाड आलं तर ते परत येऊ शकतं. असं फळ पोटात गेलं की थोड्याच वेळात पोटात कळा, उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम उतरतो. आपल्या देशात कडू दुधीच्या रसाने माणसं गेलेली आहेत आणि त्यानंतर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तज्ज्ञांची समिती नेमून सूचना दिल्या.

शिजवून ते विष जात नाही. मीठ लावून, पाणी पिळून, गूळ घालून काही होत नाही. करायचं एवढंच की प्रत्येक फळ कापल्यावर कच्चा बारीक तुकडा जिभेच्या टोकाला लावायचा, कडू लागला तर लगेच थुंकायचं, चूळ भरायची आणि ते फळ टाकून द्यायचं. नुसतं एक फळ नाही, त्या वेलाचं पुढचं कुठलंच खायचं नाही. वेलाला पाण्याचा ताण पडला किंवा फळ जून झालं तरी कडवटपणा वाढू शकतो म्हणून पहिलं गोड निघालं म्हणजे दहावं पण गोड असं धरू नका, दरवेळी चाखा. आणि दुधीचा रस काढून प्यायची सवय घरात कोणाला असेल तर ढिगातल्या वेलाचा दुधी त्यासाठी वापरूच नका, रसात एका वेळी खूप जातं आणि माणूस औषध समजून कडू असलं तरी घोटतो, तिथेच घात होतो.

कारलं कडू असतं ते चालतं कारण त्यातली कडू द्रव्यं वेगळी, ते उदाहरण देऊन कडू दुधी खाऊ नका. उलट्या सुरू झाल्याच तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

सत्तरीचो_शेतकार

हे एकदम बरोबर. आमच्याकडे दुधी सोलताना जुनी माणसं देठाकडचा तुकडा चाखूनच पुढे चिरायची, सगळ्या घरांत परत सुरू व्हायला पाहिजे.

खोलेची_मिरची (काणकोण)

मिरचीसारखं दिसतंय म्हणालात त्याच्याकडे लक्ष द्या ताई, तिथे तुमचा फायदा असू शकतो. घरात वर्षाची सुकी मिरची कुठली आणता? पुरुमेताच्या (पावसाळ्यासाठी साठवायच्या) सामानात खोलेची किंवा हरमलची घेतली असेल आणि देठं मोडताना पडलेल्या बिया ढिगात गेल्या असतील तर तीच उगवली असणार. उन्हात वाळवलेल्या मिरचीचं बी उगवतं, भाजलेल्याचं नाही. आमच्या खोलेच्या मिरचीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय आणि ती लावतात पावसातच, डोंगराच्या उतारावर, पावसाच्या पाण्यावरच वाढते. उतार एवढ्यासाठीच की मुळाशी पाणी थांबता कामा नये. तेव्हा तुमची रोपं वीतभर झाली की मातीच्या गोळ्यासकट उचला आणि उंचवट्यावर किंवा बांधावर लावा, सपाट खोलगट जागेत लावलीत तर जातील.

मात्र बाजूला दुसरी कुठली मिरची, विशेषतः ढोबळी, लावलेली असेल तर पुढच्या हंगामासाठी ह्याचं बी धरू नका, मिरचीत माशीमुळे मिसळ होते. मी तर बी धरायच्या झाडावर फुलं यायच्या आधी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधते. गावठी बी एकदा मिसळलं की मूळ जात परत मिळवणं फार कठीण, साता शिरांच्या भेंडीची पण तीच गोष्ट. असलं बी आपल्याच परसात राहिलं पाहिजे असं मला फार वाटतं, म्हणून इतकं लांबवलं.

नुस्तें (मासे) धुतलेलं पाणी मिरचीच्या बुंध्यात ओता, ढिगावर नको, मांजरं उकरतात.

परसूवाली_डिचोली

देव बरें करूं सगळ्यांना! आत्ता टॉर्च घेऊन बघून आले. एका वेलाचं पान मऊ आहे आणि देठाजवळ त्या दोन गाठी आहेत, म्हणजे दुधी. दुसऱ्यावर पांढरे डाग आहेत म्हणजे लाल भोपळा. सासूबाई खूश आहेत, ह्यांनी चौथ्या बाजूने तळातलं थोडं ओढून पण बघितलं, काळंभोर निघालं, म्हणजे आता वाद मिटला. मिरची आम्ही हरमलची घेतो, तीच असेल.

टोमॅटोचं मात्र कोणी नीट सांगितलं नाही, रोपं भरपूर आहेत आणि काही तर कालपरवापासून माना टाकून उभी आहेत, पानं हिरवीच आहेत पण दुपारी एकदम लुळी पडतात. पाऊस असून असं का? आणि पपई ठेवू का?

माती_आणि_मूळ (फोंडा)

ताई, हिरवं रोप पिवळं न पडता एकदम मान टाकतंय, तेही मुळाशी ओल असताना, हे लक्षण चांगलं नाही. बॅक्टेरिअल विल्ट म्हणजे मर असण्याची शक्यता मोठी, आपली आम्लयुक्त तांबडी माती, उष्णता आणि पाणी ह्याच्यात तो जिवाणू फार माजतो. घरच्या घरी तपासता येतं. मान टाकलेलं एक रोप बुंध्यापाशी कापा, खोडाचा दोन इंचाचा तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा, टोक पाण्यात बुडेल एवढाच, आणि हलवू नका. थोड्या वेळात खोडातून दुधासारखा पांढरा धागा खाली सुटताना दिसला तर मरच.

तसं निघालं तर टोमॅटो एकही ठेवू नका, चांगली दिसणारी सुद्धा. मुळासकट काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्या किंवा सुकवून जाळा, परत ढिगात नको. हा जिवाणू मातीत आणि पाण्यात वर्षानुवर्षं राहतो, वाहत्या पाण्याबरोबर पुढच्या वाफ्यात जातो आणि वांगी, मिरची, बटाटा सगळ्यांना धरतो. आणि मग सत्तरीच्या दादांनी सांगितलेल्या खताचा बेत पण बदलायला हवा, हे खत ऑक्टोबरात वांगी मिरचीला घालू नका, भेंडी, वाल, चवळी, तांबडी भाजी, केळी, माड ह्यांना घाला. त्या मिरचीच्या रोपांचं मूळ पण ढिगातच आहे, म्हणून ती वेगळ्या कुंडीत लावून दोन आठवडे बघा, मग उंचवट्यावर न्या. फावडं आणि चप्पल पण धुवा.

पर्वरीच्या दादांनी उपटा म्हटलं ते टोमॅटोपुरतं मी शंभर टक्के मान्य करतो. बाकीच्या वेळीसुद्धा जूनजुलैत उघड्यावर टोमॅटो आपल्याकडे टिकत नाही, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर ऑक्टोबरात रोपं करा. मर असलेल्या जागेत लावायचाच असेल तर रानवांग्यावर कलम केलेली रोपं किंवा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक जात बघा, ती मर सहन करते. हायब्रिड आहे, म्हणजे बी दरवेळी नवीन आणावं लागेल.

निसर्गप्रेमी_पर्वरी

धन्यवाद. वेलांबद्दल माझं मत थोडं बदललंय, जागा असेल तर एखादा ठेवायला हरकत नाही. पण पुढच्या वर्षी हा प्रश्न नको असेल तर तयार खत एप्रिल मेमध्ये ओलं करून जमिनीवर पातळ पसरायचं, वरून पारदर्शक प्लास्टिक घालून कडा मातीने दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवायचं. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच, ऊन आत जायला हवं. वरच्या थरातल्या बऱ्याचशा बिया आणि रोगाचे जंतू पण त्यात मरतात.

खोलेची_मिरची (काणकोण)

पपईचं मी सांगते. दोन तीन रोपं ठेवा, जास्त नको, पण ढिगातून आत्ताच हलवा, पपईच्या मुळांना हलवलेलं सोसत नाही, चार पाच पानांची असतानाच खोल मातीच्या गोळ्यासकट उचलायची. बियापासून आलेली पपई नर निघू शकते आणि फूल येईपर्यंत कळत नाही. लांब लोंबणाऱ्या दांड्यावर बारीक फुलांचे झुपके आले तर नर, खोडाला चिकटून एकटं दुकटं जाड फूल आलं तर फळ धरणारं झाड. म्हणूनच दोन तीन ठेवायची, नर निघालेलं नंतर काढता येतं. पन्हळीचं पाणी पडतं तिथं लावू नका, बुंधा कुजून आख्खं झाड आडवं होतं. मातीचा थोडा उंच ढीग करून त्याच्यावर लावा.

तांबडी भाजी कोवळी आहे तोवर खुडून खा, सांध्याला काटे असलेली निघाली तर ती रानटी, ती पण खातात पण काटे टोचतात म्हणून कोवळीच घ्यायची.

परसूवाली_डिचोली

ग्लासचं करून बघितलं. पांढरा धागा अगदी स्पष्ट सुटला. टोमॅटो सगळे काढले, पिशवीत बांधले. मिरची कुंडीत लावलीय. पपईची तीन रोपं विहिरीकडच्या उंच बाजूला. दुधीला आज संध्याकाळी पहिलं मागे गाठ असलेलं फूल दिसलं पण नर फूल एकही उमललेलं नाही, आता काय करू?

सत्तरीचो_शेतकार

शेजारी कोणाच्या मांडवावर दुधी असेल तर तिथून एक नर फूल मागून आणा, पराग दुधीचाच पाहिजे, भोपळ्याचा चालत नाही. नाहीतर हे फूल जाऊ दे, वेलात दम आहे, पुढची येतील. मुख्य वेल माटवावर पोचला की शेंडा खुडा, बगलेतून फांद्या फुटतात आणि मादी फुलं त्यांच्यावरच जास्त येतात.